पालक बंद करण्याआधी

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरात आम्ही दोघे, मुलगा, सून आणि साडेतीन वर्षांचा नातू आहे. सुनेला आता पाचवा महिना लागला आहे. गेली कित्येक वर्षे मी एकाच भाजीवाल्या मावशींकडून पालक, मेथी, शेपू घेते, आणि सुनेचे रक्त कमी आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून पालक जवळजवळ रोजच होतो. मध्यंतरी बंगळूरच्या बाजारातील भाज्यांत शिसे आणि कॅडमियम सापडल्याची बातमी मुलाने वाचली. मी मावशींना सहज विचारले, तर पालक नाल्याकाठच्या रानातला असतो असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून पालेभाजी घरात आणायचीच नाही, असे मुलाने बजावले आहे. त्याचे इन्व्हर्टर आणि बॅटरी दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे शिसे काय चीज आहे हे आपल्याला चांगले ठाऊक आहे, असे तो म्हणतो. त्याने भाज्या धुण्याचे ओझोनचे यंत्र आणले आहे. मी आपली मीठ-हळदीच्या पाण्यात भाजी भिजवते. यांपैकी कशाने काही निघते का? भाजी कुठे तपासून मिळते? सेंद्रिय भाजी मागवावी का? आणि मावशींकडे जाणे बंद करावे का? मला ते जिवावर येते.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, नमस्कार. आपल्या प्रश्नांची थोडक्यात उत्तरे आधी देतो, म्हणजे आजच्या स्वयंपाकाचा खोळंबा होणार नाही. पालेभाजी बंद करू नये. पालक मात्र रोज करू नये, आणि नाल्याच्या पाण्यावरचा पालक सूनबाईंना व नातवाला देऊ नये. यंत्राने किंवा मीठ-हळदीने भाजीच्या आत गेलेला धातू निघत नाही. मावशींकडे जाणे बंद करण्याचे कारण नाही. त्यांच्याकडून काय घ्यायचे ते बदलावे. राहिली एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही, पण आपल्या पत्रात ओघाने आलेली आहे. मुलाच्या दुकानाबद्दलचे ते वाक्य मला पालकापेक्षा अधिक काळजीचे वाटले. त्यासाठी या उत्तराचा शेवटचा भाग राखून ठेवला आहे. वेळ कमी असेल तर तो आधी वाचावा.

बंगळूरची बातमी खोटी नाही. कर्नाटकातील पर्यावरण व्यवस्थापन व धोरण संशोधन संस्थेने त्या शहरातील दुकानांतून १० प्रकारच्या भाज्यांचे ४०० नमुने घेऊन तपासले आणि त्यांतील काहींमध्ये शिसे, कॅडमियम, निकेल हे धातू मर्यादेपेक्षा अधिक आढळले. परंतु तो निष्कर्ष बंगळूरच्या परिसरातील माती-पाण्याचा आहे आणि तो जसाच्या तसा सोलापूरला लावता येत नाही. तिकडची जमीन तांबडी आणि बरीचशी आम्लधर्मी असते; आपल्याकडची काळी, चिकण, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी. आम्ल जमिनीत कॅडमियम पाण्यात सहज विरघळते आणि मुळांना आयते मिळते, तर अल्कधर्मी काळ्या जमिनीत तो मातीच्या कणांना आणि चुन्याला धरून राहतो. म्हणजे ज्या जमिनीला आपण एरवी चोपण म्हणून, भेगाळते म्हणून नावे ठेवतो, ती या बाबतीत आपल्या बाजूने उभी आहे. मात्र या संरक्षणाला भोके आहेत. सांडपाण्यातून क्षार, विशेषतः क्लोराइड, जमिनीत साचत गेले की कॅडमियम पुन्हा सुटा होऊन मुळांकडे जातो. जमिनीत जस्त कमी असेल तरीही तेच घडते, कारण कॅडमियम हा जस्ताच्या वाटेनेच झाडात शिरतो आणि जस्त नसले की ती वाट त्याला मोकळी सापडते. महाराष्ट्रातील बऱ्याच जमिनींत जस्ताची कमतरता आहे, हे शेतकरी असलेल्या आपल्या नातेवाइकांपैकी कोणीही सांगेल.

येथे शिसे आणि कॅडमियम यांतला फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्या फरकात आहेत. शिसे मातीतून मुळांपर्यंत जाते, पण मुळांतून वर पानांपर्यंत फारसे चढत नाही. भाजीच्या पानावर जे शिसे सापडते, त्यातील मोठा भाग बाहेरून आलेला असतो, म्हणजे रस्त्याची धूळ, चिखलाचे शिंतोडे, कारखान्यांची किंवा भट्टीची राख. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, तरी त्याआधीच्या काही दशकांत रस्त्यांच्या कडेला पडलेले शिसे कुजत नाही, उडून जात नाही आणि वाहून गेले तरी कुठेतरी साचतेच. कॅडमियमची चाल वेगळी आहे. तो पाण्याबरोबर मुळांतून देठात आणि देठातून पानात जातो आणि पानाच्या पेशींत बसतो. त्यामुळे शिशापुरते धुणे उपयोगी पडते. कॅडमियमच्या बाबतीत भाजी पिशवीत पडली तेव्हाच निकाल लागलेला असतो.

म्हणून धुण्याविषयी मी सांगेन ते असे. जुडी सोडवावी, मुळे आणि मातीने भरलेले खालचे देठ आधी कापून टाकावेत, पिवळी व बाहेरची पाने काढावीत आणि मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन भाजी त्यात चार-पाच मिनिटे सोडावी. नंतर पातेले ओतू नये, तर भाजी हाताने वर उचलून घ्यावी. ओतले की तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते, आणि आपल्यापैकी बहुतेकांची चूक तेथेच होते. असे पाणी स्वच्छ राहीपर्यंत करावे, सहसा तीन पाण्यांत काम होते. चिरणे धुतल्यानंतरच करावे. बटाटा, गाजर, मुळा, बीट यांची साल काढावी, कारण कंदमुळांत शिशाचा बराचसा भाग सालीला चिकटलेल्या मातीत आणि सालीत असतो. यापलीकडे मीठ, व्हिनेगर, खाण्याचा सोडा यांतून धातूपुरता विशेष लाभ नाही. सोड्याच्या पाण्याने काही कीटकनाशकांचे अंश कमी होतात आणि ओझोनने जंतू मरतात, काही कीटकनाशके मोडतात, हे खरे आहे. परंतु कीटकनाशक हे संयुग असते, ते मोडता येते. शिसे आणि कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत, त्यांना मोडून दुसरे काही निरुपद्रवी करता येत नाही, मग ते ओझोनने असो, उकळण्याने असो वा कुकरच्या चार शिट्ट्यांनी. यंत्र आणलेच आहे तर कोथिंबीर, काकडी, टोमॅटो अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी वापरावे.

हळदीबद्दल मात्र थांबून सांगावे लागेल. भाजीतून शिसे काढण्यासाठी आपण जी हळद घालता, तीच काही ठिकाणी शिशाचे साधन ठरलेली आहे. हळकुंडांना झळाळता पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट नावाचे शिशाचे रंगद्रव्य चोळण्याचा प्रकार बांगलादेशात उघडकीस आला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील गरोदर स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग हळदीपर्यंत लागला. आपल्याकडची प्रत्येक सुटी हळद तशी असते असे मी म्हणत नाही. परंतु सांगलीची बाजारपेठ इतक्या जवळ असताना डोळे दिपवणारी सुटी पूड घेण्यापेक्षा फिकट, मातकट दिसणारी हळकुंडे घेऊन दळून आणणे आपल्याला सहज शक्य आहे. भाजी भिजवण्याच्या पाण्यात हळद घालण्याची तर गरजच नाही.

आता पालक रोज करू नये असे मी का म्हणतो, ते आकड्यांनी पाहू. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त कोडेक्स आयोगाने पालेभाज्यांसाठी ठरवलेली कमाल मर्यादा एका किलोमागे शिसे ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम अशी आहे. याच दोन संघटनांच्या तज्ज्ञ समितीने २०१० साली असे ठरवले की, माणसाने महिनाभरात शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे २५ मायक्रोग्रॅमपर्यंत कॅडमियम पोटात घेतला तरी चालेल. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. सूनबाईंचे वजन ६० किलो धरले तर महिन्याची मर्यादा १५०० मायक्रोग्रॅम होते. बरोबर मर्यादेवर असलेला २०० ग्रॅम कच्चा पालक एका वेळी खाल्ला, तर त्यातून ४० मायक्रोग्रॅम कॅडमियम जातो. आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्यात आठ वेळा खाल्ला तर ३२० होतात. रोज खाल्ला तर १२००, आणि भात, पोळी, इतर भाज्या यांतून येणारा कॅडमियम त्यात अजून धरलेलाच नाही. नातवाचे वजन १५ किलो असेल तर त्याची महिन्याची मर्यादा ३७५ आहे. ६० ग्रॅम पालकातून त्याला १२ मायक्रोग्रॅम मिळतात, म्हणजे आठवड्यातून दोनदा दिल्यास महिन्याचे ९६ आणि रोज दिल्यास ३६०. हे सगळे कायदेशीर, मर्यादेत बसणाऱ्या भाजीचे गणित आहे. नाल्याकाठचा पालक मर्यादेच्या तिप्पट निघाला तर सूनबाईंचा रोजचा हिशेब महिन्याला ३६०० वर जातो, पण आठवड्यातून दोनदाच खाल्ला तर तोही १५०० च्या आत, ९६० वर राहतो.

या हिशेबात माझे म्हणणे पुरते आले आहे. एकच भाजी, एकाच रानातली, रोज, वर्षानुवर्षे, हा खरा धोका आहे. कॅडमियम मूत्रपिंडात साठतो आणि त्यातला निम्मा बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात, त्यामुळे एखाद्या दिवशीच्या भाजीने काही बिघडत नाही आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने बिघडलेले नंतर सहज सुधारत नाही. जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीत खाणीतून कॅडमियम उतरत होता, त्या नदीच्या पाण्यावर भात पिकत होता, आणि तोच भात लोक तिन्हीत्रिकाळ, दशकानुदशके खात होते. तेथील वयस्क स्त्रियांची, त्यातही अनेक बाळंतपणे झालेल्यांची, हाडे इतकी ठिसूळ झाली की त्यांच्या कण्हण्यावरूनच त्या रोगाला इताई-इताई, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हे नाव पडले. जपान सरकारने १९६८ साली त्याचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. आपल्याकडची परिस्थिती तशी नाही. तेथे एक नदी आणि एक धान्य होते. आपल्याला मंडईत रोज दहा गावांची भाजी समोर असते, आणि ते वैविध्य वापरायचे की नाही हे आपल्या हातात आहे.

वापरायचे तर कसे? सर्वसाधारणपणे पानांत धातू सर्वांत जास्त साठतात, त्याखालोखाल कंदमुळांत, फळभाज्यांत कमी आणि शेंगांच्या दाण्यांत त्याहून कमी. पालक हा कॅडमियम ओढून घेण्यात पालेभाज्यांतही पुढे असतो. तेव्हा आठवड्यातून पालक एकदा, मेथी किंवा शेपू एकदा, एखादे दिवशी शेवग्याचा पाला, आणि बाकीचे दिवस गवार, दोडका, दुधी, भेंडी, पावटा, मटकी, हुलगा असा क्रम ठेवावा. थंडीच्या दिवसांत हरभऱ्याचा पाला मिळतो, तो जरूर घ्यावा, कारण आपल्या जिल्ह्यातील रब्बीचा जिरायत हरभरा जमिनीतल्या ओलाव्यावर वाढतो आणि त्याला नाल्याचे पाणी देण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही. वाळवून ठेवला तर उन्हाळ्यातही होतो, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नसावी.

सूनबाईंच्या रक्ताबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगतो. पालकाने रक्त वाढते ही समजूत त्याच्या हिरव्या रंगाएवढीच गडद आहे, परंतु पालकातले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. रक्त वाढेल ते गोळ्यांनी. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी रोज, १८० दिवस दिली जाते. ती चालू असल्याची खात्री करावी, डॉक्टरांनी अधिक मात्रा दिली असेल तर ती घ्यावी, आणि गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. याचा धातूंशी थेट संबंध आहे. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असले की आतडी शिसे आणि कॅडमियम अधिक शोषतात. गरोदरपणात कॅल्शियम कमी पडले तर आईच्या हाडांतून ते काढले जाते, आणि पूर्वी हाडांत साठलेले शिसेही त्याबरोबर सुटून रक्तात येते व वारेतून बाळापर्यंत पोहोचते. त्यामुळे भाज्या तोडून, पोळी-भात आणि बटाट्यावर घर चालवल्यास आपण जे टाळायला निघालो तेच ओढवून घेऊ. नाचणी, तीळ, दूध, ताक, डाळी आणि वर लिंबू, हे ताटात असू द्यावे.

नाल्याच्या पाण्याविषयी बोलताना लोक लगेच धातूंवर येतात, पण माझ्या मते त्या पाण्याचा पहिला धोका जंतूंचा आणि जंतांचा आहे. टायफॉइड, कावीळ, हगवण यांचे जंतू आणि जंतांची अंडी पानांवरून पोटात जायला वीस वर्षे लागत नाहीत. गरोदर बाईने आणि लहान मुलाने अशा रानातली कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी कच्ची खाऊच नये. शिजवल्याने जंतू मरतात, एवढा दिलासा आहे. धातूंच्या दृष्टीने नाल्यानाल्यांतही फरक करावा लागतो. केवळ घरगुती सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यापेक्षा ज्यात कारखान्यांचे पाणी मिसळते तो अधिक संशयास्पद. सोलापुरात सूत आणि कापड रंगवण्याचा धंदा पिढ्यानपिढ्यांचा आहे, आणि रंगप्रक्रियेच्या सांडपाण्यात वापरलेल्या रंगांनुसार क्रोमियम, तांबे यांसारखे धातू असू शकतात. त्याखेरीज मुलामा देण्याचे कारखाने, गॅरेज, भंगाराचे व्यवसाय यांचे पाणी कुठे जाते हाही प्रश्न असतो. भाजीच्या रूपावरून यातले काहीच कळत नाही. उलट सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर वाढलेला पालक अधिक हिरवागार, रुंद पानाचा दिसतो आणि गिऱ्हाईक त्याच जुडीकडे हात नेते.

सेंद्रिय भाजीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र रासायनिक खते आणि कीटकनाशके वापरली नाहीत याची हमी देते. मातीत आधीपासून असलेल्या किंवा शहरी कचऱ्याच्या खतातून आलेल्या धातूंची नाही. बंगळूरच्या पाहणीत सेंद्रिय माल विकणारी दुकानेही होती. पैसे अधिक मोजायचे असतील तर शेत कुठले आणि पाणी कुठले हे सांगू शकणाऱ्या माणसाला मोजावेत.

यावरून मावशींकडे येतो. त्यांनी आपल्याला खरे सांगितले. बाजार समितीतून लिलावाचा माल उचलून आणणाऱ्या बऱ्याच विक्रेत्यांना आपली जुडी मोहोळची आहे की दक्षिण सोलापूरची, हेही ठाऊक नसते. ज्या विक्रेतीला आपल्या मालाचे रान माहीत आहे आणि जी ते लपवत नाही, ती आपल्यासाठी मोलाची आहे. त्यांना दोष देण्याच्या सुरात न विचारता, “मावशी, सून गरोदर आहे, तिच्यासाठी विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्यावरची पालेभाजी कुणाकडची मिळेल?” असे विचारावे. पालक त्यांच्याकडून तूर्त घेऊ नये. दोडका, गवार, भेंडी घ्यावी. आपल्यासारख्या चार जणींनी हेच विचारले, तर त्या स्वतःच दुसऱ्या रानातला माल आणू लागतील, असा माझा अंदाज आहे. शेतकऱ्याचीही बाजू आहे. हा अवर्षणप्रवण जिल्हा. मार्चनंतर विहिरी तळ गाठतात आणि बारा महिने वाहणारे पाणी काय ते नाल्याचेच असते. पालक महिन्याभरात काढणीला येतो आणि रोखीचा पैसा देतो. शहराचे सांडपाणी शुद्ध करून सोडणे हे महापालिकेचे आणि कारखान्यांच्या सांडपाण्यावर लक्ष ठेवणे हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे. तक्रार करायचीच असेल, तर नाल्यात रंगीत किंवा उग्र वासाचे पाणी दिसलेल्या जागेची आणि वेळेची नोंद करून या दोघांकडे करावी.

भाजी तपासण्याबाबत कायदा काय म्हणतो तेही सांगतो. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम १८ नुसार शेतकरी आणि त्याच्या शेतावरचा माल त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. कायदा सुरू होतो तो व्यापाऱ्यापासून. त्याच कायद्याचे कलम ४० कोणाही ग्राहकाला विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार देते. मात्र तपासणीसाठी घेत आहोत, हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि पदार्थ सदोष निघाला तर शुल्क परत मिळते. याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात करावी. खाजगी प्रयोगशाळेत द्यायचे असेल तर ती राष्ट्रीय मान्यताप्राप्त आहे हे पाहून शिसे आणि कॅडमियम या दोहोंची नावे घेऊन चाचणी मागावी. नुसते ‘भाजी तपासा’ म्हटल्यास कीटकनाशकांचा अहवाल हाती येण्याची शक्यता असते. घरच्या घरी रंग बदलून धातू दाखवणारी कोणतीही विश्वासार्ह युक्ती नाही. मोबाईलवर फिरणारी तेलाचा कापूस भाजीवर चोळण्याची चाचणी मॅलाकाइट ग्रीन या कृत्रिम हिरव्या रंगासाठी आहे, तिचा शिशाशी संबंध नाही. आणि खरे सांगायचे तर, एका जुडीच्या तपासणीवर आपण एकटीने पैसे घालावेत असे मला वाटत नाही, कारण उद्याची जुडी दुसऱ्या वाफ्यातली असेल. महिला मंडळाने किंवा सोसायटीने मिळून एकाच रानातील पाणी, माती आणि पालक असे तिन्ही नमुने दिले, तर त्या अहवालातून काहीतरी निष्पन्न होईल.

आता दुकानाविषयी. आपल्या चिरंजीवांना शिसे म्हणजे काय हे ठाऊक आहे, यात शंका नाही; पण ते रोज संध्याकाळी कशाबरोबर घरी येते, याचा विचार त्यांनी केला नसावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि शिशाच्या ऑक्साइडचा लेप असतो. सीलबंद बॅटऱ्या विकणे, बसवणे, त्यांत पाणी भरणे एवढेच काम असेल तर धोका मर्यादित आहे. परंतु बॅटरी उघडणे, जुन्या पट्ट्या काढणे, टर्मिनल वितळवून पुन्हा ओतणे यांपैकी काहीही दुकानात होत असेल, तर तेथील बारीक धूळ आणि धूर यांत शिसे असते, आणि ती धूळ हात, केस, कपडे, चपला, मोबाईल, गाडीची सीट यांवरून घरात येते. साडेतीन वर्षांचे मूल बाबा आले की पायांना मिठी मारते, फरशीवर खेळते आणि दिवसभर बोटे तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग शरीरात शोषला जातो. लहान मुलाच्या बाबतीत ते प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. कॅडमियमसाठी निदान महिन्याची एक मर्यादा आखता आली. शिशासाठी पूर्वी तशी एक मर्यादा होती, ती त्याच तज्ज्ञ समितीने २०१० साली मागे घेतली, कारण ज्याखाली मुलांच्या मेंदूवर परिणाम होत नाही अशी पातळी सापडली नाही. युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे असल्याचे म्हटले होते, आणि त्याच्या कारणांत शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या बेपर्वा हाताळणीला मोठे स्थान होते.

तेव्हा पालकाआधी चिरंजीवांनी करायच्या गोष्टी अशा. दुकानातले कपडे आणि चपला दुकानातच ठेवाव्यात. ते शक्य नसेल तर दाराबाहेर उतरवून वेगळ्या पिशवीत टाकावेत, आणि अंघोळ करून, केस धुऊनच मुलाला उचलावे. ते कपडे घरातल्या कपड्यांबरोबर, विशेषतः सूनबाईंच्या हाताने, धुतले जाऊ नयेत. दुकानात कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे, पंख्यासमोर शिसे वितळवू नये, किंबहुना वितळवण्याचे काम बंदच करून २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवाव्यात. हात साबणाने धुतल्याशिवाय तेथे चहा, खाणे, मावा, विडी काही नको. विडी आणि मिश्रीचा उल्लेख करायचाच आहे तर तो येथे करतो, कारण तंबाखूचे पान कॅडमियम ओढून घेण्यात पालकालाही मागे टाकते आणि धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात तो न करणाऱ्याच्या साधारण दुप्पट आढळतो. घरात मिश्री लावणारे कोणी असेल, तर ती सोडण्याने जो फरक पडेल तो भाजी धुण्याने पडणार नाही. याच ओघात नातवाच्या डोळ्यांत घातले जाणारे सुटे काजळ किंवा सुरमा थांबवावा, आणि पितळी भांड्यांना कल्हई करून घेताना कथिलात शिसे मिसळलेले नाही, याबद्दल ओळखीच्या कल्हईवाल्याचीच खात्री धरावी.

यानंतर तिघांची, म्हणजे नातू, सूनबाई आणि मुलगा यांची, रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत ती नसते, त्यामुळे डॉक्टरांना दुकानाबद्दल सांगून ती आपल्याला मागावी लागेल. नमुना शिरेतून घेतलेल्या रक्ताचा असावा. केसांच्या तपासणीवर किंवा ‘शरीरशुद्धी’च्या पुड्यांवर पैसे घालवू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मुलाच्या किंवा गरोदर स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरमागे, म्हणजे शंभर मिलिलिटरमागे, ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले, तर त्याचा उगम शोधून तो बंद करायचा असतो. अमेरिकेत लहान मुलांसाठी हा आकडा ३.५ धरतात. शिसे बाहेर काढणारी औषधे मुलांमध्ये साधारणतः ४५ च्या पुढे, तीही रुग्णालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच देतात, त्यामुळे ५ ते १५ चा आकडा आला म्हणून कोणी औषध देऊ लागले तर ते घेऊ नये. त्या टप्प्यावर उपचार म्हणजे उगम बंद करणे, लोह आणि कॅल्शियम पुरेसे देणे आणि साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करणे. दुसऱ्या वेळी आकडा उतरला तर उगम सापडला असे समजावे. न उतरल्यास दोन्ही अहवाल, दुकानात नेमके काय काम चालते त्याचा तपशील आणि घरात वापरात असलेल्या हळद, काजळ व भांड्यांची माहिती घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जावे. आणि मला कळवावेसे वाटले तर याच पत्त्यावर लिहावे.